नेपाळमध्ये पहिलं ख्रिस्ती युवक शिबिर उभं करायला जाताना: मंडळीच्या गटासाठी सविस्तर मार्गदर्शन

अहिल्यानगर, पुणे, नाशिक किंवा मुंबईकडच्या एखाद्या मंडळीचा तरुण संघ नेपाळला शिबिरासाठी निघतो, तेव्हा बहुतेक वेळा क्रम उलटा लागतो. आधी तिकिटं निघतात, मग टी-शर्ट छापले जातात, गाणी आणि नाटिका बसवल्या जातात. शेवटी तिथल्या पाळकांना फोन जातो की आम्ही अमुक तारखेला येतोय, मुलं गोळा करून ठेवा. तीन दिवस उत्साहात जातात. पुढच्या वर्षी मात्र शिबिर होत नाही, कारण ते कसं भरवायचं हे तिथल्या कुणालाच शिकायला मिळालेलं नसतं.

पहिलं शिबिर आपण घ्यायचं नाही. तिथल्या मंडळीला ते घेता यावं म्हणून जायचं. हे एकदा मान्य केलं की पुढचे सगळे टप्पे कुठल्या क्रमाने घ्यायचे ते आपोआप ठरतं. शिबिराच्या किमान आठ-नऊ महिने आधी सुरुवात करा.

टप्पा १: लेखी निमंत्रण

तिथल्या पाळकांशी तुमची ओळख आहे, त्यांनी "या, या" म्हटलं आहे, एवढ्यावर निघू नका. नेपाळी माणूस पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाही. तुमच्या फोनवरच्या उत्साहाला मिळालेला होकार हा मंडळीचा निर्णय नसतो. तिथल्या पंचमंडळीने किंवा युवा समितीने बसून ठरवलेलं आणि लिहून पाठवलेलं निमंत्रण हवं. त्यात या गोष्टी स्पष्ट असाव्यात:

- शिबिर कोणासाठी आहे, वयोगट कोणता, अंदाजे किती मुलं
- तिथल्या बाजूने जबाबदार कोण (एक नाव नको, किमान तीन जणांची समिती)
- आपल्याकडून नक्की कोणती मदत हवी आहे
- कोणती मदत नको आहे

शेवटची ओळ मुद्दाम मागून घ्या. "गाणी आमची आम्ही घेऊ, गटप्रमुख तयार करायला मदत करा" असं कुणी लिहिलं तर समजा की काम योग्य दिशेने सुरू झालं.

तपासा: समितीत किमान एक बाई आहे का? मुलींच्या निवासाची जबाबदारी कोण घेणार याचं उत्तर या टप्प्यावरच मिळायला हवं.

टप्पा २: तारीख

इथे मराठी माणसाची एक खास फसगत होते. नेपाळमध्ये रोजचा व्यवहार विक्रम संवताने चालतो, आणि महिन्यांची नावं आपल्यासारखीच आहेत: वैशाख, असार (आषाढ), असोज (आश्विन), कात्तिक, चैत. पण तिथले महिने सौर आहेत, आपले चांद्र. नेपाळचा चैत साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो आणि वैशाख १ ला, म्हणजे १४ एप्रिलच्या आसपास, त्यांचं नवं वर्ष लागतं. तिकडून "कात्तिकमा" असा निरोप आला म्हणून आपल्या दिनदर्शिकेतला कार्तिक धरला, तर तारखा चुकतात. प्रत्येक तारीख दोन्ही पद्धतींनी लिहा आणि वाचून खात्री करून घ्या.

सोयीचे काळ दोन. दहावीची एसईई परीक्षा चैतात होते. ती संपल्यानंतरचे आठवडे उत्तम, कारण ती मुलं मोकळी असतात. दुसरा काळ दशैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या सुट्टीचा, साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. शिकायला किंवा कामाला शहरात गेलेले तरुण तेव्हा गावी आलेले असतात. मात्र त्या दिवसांत बसगाड्या खचाखच भरतात आणि तिकीट आयत्या वेळी मिळत नाही.

जून ते सप्टेंबर हा काळ टाळा. दरडी कोसळतात, काठमांडू-पोखरा महामार्ग तासन्‌तास बंद पडतो, शिवाय गावाकडे भातलावणीचे दिवस असतात. जानेवारीत तराईच्या (दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्याच्या) धुक्याने विमानं आणि गाड्या दोन्ही लांबतात.

नेपाळमधल्या मंडळ्यांची मुख्य उपासना शनिवारी असते, रविवारी नाही. त्यामुळे शिबिर असं बसवा की शनिवारी मुलं आपापल्या मंडळीत परत गेलेली असतील, किंवा शनिवारची उपासना यजमान मंडळीसोबतच होईल. पहिल्या वर्षी तीन मुक्काम पुरे.

टप्पा ३: कायदा (हा टप्पा गटातल्या प्रत्येकाने वाचायचा)

नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेतलं कलम २६ धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या मुलुकी अपराध संहितेच्या (नेपाळच्या फौजदारी कायद्याच्या) कलम १५८ नुसार दुसऱ्याचं धर्मांतर करणं, तसा प्रयत्न करणं किंवा त्याला उत्तेजन देणं हा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर काढलं जातं. आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून आपण परदेशी नाही, असा समज कुणी करून घेऊ नये.

याचा शिबिरापुरता अर्थ:

1. पहिलं शिबिर मंडळीतल्या कुटुंबांच्या मुलांसाठीच ठेवा. प्रत्येक अल्पवयीन मुलामागे आईवडिलांची लेखी संमती घ्या. "मित्राला घेऊन या" अशी मोहीम नको.
2. रस्त्यावर, बाजारात, शाळेत किंवा बसमध्ये साक्ष, पत्रकं, नवा करार वाटणं नाही. आपल्याकडे सवय असली तरी नाही.
3. शिबिरात बाप्तिस्मा ठेवू नका. तो विषय सर्वस्वी तिथल्या पाळकांचा.
4. दप्तरं, कपडे, पैसे वाटू नका. देणाऱ्याच्या मनात प्रेम असलं तरी बाहेरून ते प्रलोभन दिसतं.
5. "इतक्या जणांनी प्रभूला स्वीकारलं" अशा पोस्ट टाकू नका. आपण घरी परततो, पण त्या पोस्टचा जाब तिथल्या पाळकांना विचारला जातो.

शिबिराची माहिती वडा (प्रभाग) कार्यालयाला आणि स्थानिक पोलिसांना द्यायची की नाही, कशी द्यायची, हे तिथली समिती ठरवेल. त्यांच्यात वकील नसेल तर त्यांनी एकाला विचारावं आणि ती फी शिबिराच्या खर्चात धरावी.

सावधान: गटातल्या एखाद्याला हे निर्बंध पटत नसतील, तर त्याच्याशी वाद घालू नका, पण त्याला नेऊही नका. विश्वासाची किंमत आपण स्वतः मोजणं वेगळं. इथे ती दुसऱ्याला मोजावी लागते.

टप्पा ४: दोघांची पाहणी

शिबिराच्या चार-पाच महिने आधी फक्त दोन माणसं जातात. एकाला निवास-जेवणाची व्यवस्था कळत असावी, दुसऱ्याला मुलांसोबतचं काम. जागा स्थानिक समिती दाखवेल, तुम्ही प्रश्न विचारायचे.

- संडास किती? पंधरा-वीस जणांमागे एक तरी हवा, मुलामुलींचे वेगळे आणि आतून कडी लागणारे.
- पाणी कुठून येतं? पिण्याचं पाणी उकळायला भांडं आणि इंधन आहे का?
- मुलींच्या खोल्यांपर्यंत जाताना मुलांच्या खोल्यांवरून जावं लागतं का?
- भूकंप झाला तर सगळे जमतील असं मोकळं मैदान इमारतीजवळ आहे का? भेगा पडलेल्या किंवा उतारावर टेकलेल्या इमारतीत मुक्काम नको.
- जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर? त्या रस्त्याने गाडीत बसून स्वतः जाऊन पाहा.
- नदी किंवा तलाव किती जवळ? पोखऱ्याकडे फेवा, बेगनास ही तळी मोहात पाडणारी आहेत. पहिल्या शिबिरात पोहणं आणि होडी दोन्ही बंद ठेवा.

चैत-वैशाखात पोखऱ्याच्या परिसरात दुपारनंतर वादळी पाऊस आणि गारा येतात. म्हणून तंबूत मुक्काम नको आणि मैदानी खेळ सकाळी घ्या.

तपासा: परत येण्याआधी समितीसमोर सगळ्या नोंदी मोठ्याने वाचा. एखादी गोष्ट त्यांना खटकली तर ती तिथेच खोडा.

टप्पा ५: पैसा

पैशाने बिघडलेली शिबिरं मी इतर कशानेही बिघडलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत, म्हणून इथे थोडं थांबतो.

खर्चाचे दोन वेगळे भाग करा: आपला प्रवास आणि मुक्काम, आणि शिबिराचा खर्च. पहिला भाग जाणाऱ्याने स्वतःच्या खिशातून किंवा नातलगांच्या मदतीने भरावा. मंडळीचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल, तर त्याच्या खात्यातून परदेशात खर्च करण्याआधी सीएला गाठा. न्यासाने उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं, तर प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी असल्याखेरीज त्यावर आयकराची सूट मिळत नाही. एफसीआरए खात्यातल्या (परदेशी देणग्यांच्या) रकमेला तर या कामासाठी हातही लावू नका. तिकडेही नियम आहेत: नेपाळी संस्थेला परदेशी मदत घ्यायची तर समाजकल्याण परिषदेची मंजुरी लागते. त्यामुळे "बॅगेतून रोख नेऊन देऊ" हा मार्ग दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे.

शिबिराचा खर्च शक्यतो तिथल्या मंडळ्यांनी आणि मुलांच्या शुल्कातून उभा राहावा. शुल्क लहान असलं तरी चालेल. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी तांदूळ, डाळ, भाजी आणावी, आणि त्याची नोंद शुल्क म्हणूनच व्हावी. समिती म्हणेल की पहिल्या वर्षी सगळं तुम्हीच करा. तेव्हा ठाम राहा. फुकट झालेल्या शिबिरानंतर दुसऱ्या वर्षी शुल्क मागायला त्यांना तोंड उरत नाही.

व्यवहारात लक्षात ठेवायची गोष्ट: १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये. बोलताना दोन्हींना "रुपयाँ"च म्हणतात. म्हणून दर विचारताना "आयसी की एनसी?" हे विचाराच, भारतीय रुपयाला तिथे आयसी म्हणतात. खिशात शंभरच्या नोटा ठेवा. मोठ्या भारतीय नोटा नेण्याचे नियम बदलत आले आहेत, निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्या.

टप्पा ६: गट निवडणं

सहा ते आठ जण. यापेक्षा जास्त नेले की स्वयंपाकघर, बिछाने आणि व्यासपीठ आपणच व्यापतो. सगळे अठरा वर्षांवरचे हवेत. निवडताना गाता येतं का, बोलता येतं का, हे शेवटी पाहा. आधी पाहा की मागे बसून दुसऱ्याला पुढे करण्यात त्याला आनंद वाटतो का. मंडळीच्या शब्बाथ शाळेत वर्षानुवर्षं शांतपणे काम करणारी एखादी ताई इथे फार मोलाची. एक परिचारिका किंवा प्रथमोपचार शिकलेला माणूस असावाच.

निवडलेल्यांनी आठवड्यातून एकदा भेटावं: प्रार्थना, शास्त्राभ्यास, थोडं नेपाळी, आणि दर वेळी टप्पा ३ ची उजळणी. लिपी देवनागरीच असल्यामुळे नेपाळी भजनं आठवड्याभरात वाचता येऊ लागतात. "जय मसीह" म्हणून भेटायचं, मोठ्यांना दाइ-दिदी आणि लहानांना भाइ-बहिनी म्हणायचं, एवढं निघण्याआधी जिभेवर बसलेलं हवं.

टप्पा ७: कागदपत्रं आणि प्रवास

विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. प्रौढांनी आधारवर विसंबू नये. विमानतळावरून परत पाठवलेले लोक असतात ते याच कारणाने. जमिनीवरून जातानाही हेच दोन कागद जवळ ठेवा.

रेल्वेने गोरखपूर, तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर सुनौलीची सीमा, पुढे बुटवलमार्गे पोखरा, हा स्वस्त मार्ग. डोंगरातला रस्ता रात्री करू नका. सीमेजवळ मुक्काम करून पहाटे निघा. भारतीय नंबरची गाडी नेणार असाल तर सीमेवर भन्सार (सीमाशुल्क) भरावा लागतो, आणि तो दिवसांच्या हिशेबाने असतो. पोहोचल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

प्रवास विमा सगळ्यांचा काढा.

टप्पा ८: मुलांची सुरक्षितता

नेपाळच्या कायद्यातही अठरा वर्षांखालची व्यक्ती बालकच. नियम लेखी हवेत, नेपाळीत हवेत, आणि शिबिर सुरू होण्याआधी प्रत्येक मोठ्या माणसाची त्यावर सही हवी. त्यातले तीन न वाकणारे नियम असे: कोणताही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत नसेल, मुलींच्या निवासात पुरुष जाणार नाहीत, पाहुण्यांनी मुलांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत आणि नंतर खासगीत संदेश पाठवायचे नाहीत.

फोटो एकाच माणसाने, एकाच कॅमेऱ्यावर काढावेत. समितीने पाहिल्याशिवाय एकही बाहेर जाऊ नये. चेहरा, नाव आणि गाव एकत्र कधीच नको.

एखाद्या मुलाने घरातल्या छळाबद्दल सांगितलं, तर ऐका, गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नका, आणि त्याच दिवशी समितीच्या ठरवलेल्या माणसाला सांगा. बाल हेल्पलाइन आपल्यासारखीच १०९८, पोलीस १००, रुग्णवाहिका १०२. हे तीन आकडे भिंतीवर लावा.

टप्पा ९: गटप्रमुखांचं प्रशिक्षण

शिबिर खरं तर इथेच उभं राहतं. मुलं येण्याआधी दोन-तीन पूर्ण दिवस फक्त स्थानिक गटप्रमुखांसाठी ठेवा. सात-आठ मुलांमागे एक प्रमुख असावा.

"हिंदी सगळ्यांना कळतं" म्हणून आपले वक्ते थेट हिंदीत संदेश देतात. सिनेमामुळे हिंदी कळतं हे खरं, पण तामाङ, मगर, चेपाङ अशा जमातींच्या घरातल्या मुलाला अनेकदा नेपाळी हीच दुसरी भाषा असते. हिंदीत तो ऐकून घेईल, मन मोकळं करणार नाही. दुभाष्या ठेवला तर चाळीस मिनिटांतली वीस भाषांतरात जातात. त्यामुळे वचन नेपाळी माणसानेच सांगावं, नेपाळी पवित्र शास्त्रातून. आपण त्याची तयारी करून घ्यायची.

पद्धत साधी आहे. एक शास्त्रपाठ घ्या, तो सगळ्यांनी वाचा, प्रत्येक प्रमुखाने त्यावर तीन प्रश्न तयार करावेत. मग दहा-दहा मिनिटं एकाने चालवायचं आणि बाकीच्यांनी मुलं व्हायचं. नवे प्रमुख प्रश्न विचारतात आणि शांतता सहन न होऊन उत्तरही स्वतःच देतात. त्यांना प्रश्नानंतर मनात दहापर्यंत मोजायला लावा.

पोखऱ्याजवळ एका प्रशिक्षणात कॉलेजची एक मुलगी पहिल्या दिवशी कागदातून डोकं वर काढत नव्हती. पाठ पेत्राच्या नकाराचा होता. तिसऱ्या दिवशी तिने कागद घडी करून मांडीखाली ठेवला, सगळ्यांना वर्तुळात जवळ सरकायला सांगितलं आणि विचारलं, "तुमच्या घरी थंडीत आगीभोवती कोण कोण बसतं?" उत्तरं भराभर आली: आजी, शेजारी, मलेशियाहून आलेला काका. मग ती म्हणाली, पेत्रही असाच विस्तवापाशी हात शेकत उभा होता, आणि आजूबाजूला ओळखीचं कुणीच नव्हतं. आम्हा पाहुण्यांपैकी कुणालाही तो प्रश्न सुचला नसता.

तपासा: प्रशिक्षण संपताना प्रत्येक प्रमुख कागदाशिवाय दहा मिनिटं गट चालवू शकतो का? दोघांना जमत नसेल तर त्यांची जोडी लावा. आपला माणूस त्यांच्या जागी बसवू नका.

टप्पा १०: शिबिराचे दिवस

आपलं वेळापत्रक आठला नाश्ता, एकला जेवण असं असतं. ते तिथे लादलं की स्वयंपाकघर पहिल्याच दिवशी कोलमडतं. नेपाळी घरात सकाळी चहा, साडेनऊ-दहाला पोटभर दालभात-तरकारी, दुपारी तीन-चारला खाजा (हलका फराळ), आणि संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा दालभात. वेळापत्रक याच्याभोवती बांधा: पहाटेची प्रार्थना आणि पहिला शास्त्राभ्यास जेवणाआधी, खेळ आणि मुख्य संदेश जेवण व खाजा यांच्या मध्ये, भजनं रात्री. तांदळाचा अंदाज स्वयंपाक करणाऱ्या दिदींनाच करू द्या. आपल्या मापाने भात हमखास कमी पडतो.

पाहुण्यांची कामं: नोंदणीच्या टेबलावर स्थानिक माणसाशेजारी बसणं, औषधांची पेटी, भांडी घासणं, प्रमुखांची रोज रात्रीची बैठक, आणि मुलांसोबत खेळणं. व्यासपीठावर एखादं मराठी भजन आणि एखादी साक्ष, बस.

नोंदवहीत प्रत्येक मुलाचं नाव, पालकांचा फोन, आजार, ॲलर्जी आणि घरी न्यायला कोण येणार हे असावं. सकाळ, दुपार आणि झोपण्याआधी हजेरी घ्या. शेवटच्या दिवशी नोंदीतल्या माणसाखेरीज कुणाच्याही हाती मूल सोपवू नका, ओळखीचा शेजारी असला तरी.

सावधान: शेवटच्या रात्री दिवे मंद करून, संगीत वाढवून मुलांना रडवण्याचा मोह होतो. थकलेल्या तेरा वर्षांच्या मुलाकडून अशा वेळी निर्णय घेणं मला योग्य वाटत नाही, आणि तिथल्या कायद्यात ते धोक्याचंही आहे. प्रार्थनेसाठी शांत वेळ द्या आणि बोलायला त्यांचे स्वतःचे पाळक असू द्या.

टप्पा ११: सोपवणं

शिबिर संपल्यावर लगेच फिरायला निघू नका. एक पूर्ण दिवस समितीसोबत बसा. हिशेब पावत्यांसकट सगळ्यांसमोर मांडा, तो तिथल्या खजिनदारानेच वाचावा. मग एक वही नेपाळीत लिहून घ्या: किती तांदूळ लागला, गॅसच्या टाक्या किती, गाडीवाल्याचा आणि किराणावाल्याचा नंबर, कुठला खेळ फसला, कोणत्या वेळी मुलं कंटाळली. ही वही त्यांच्याकडे राहते, आपण फक्त फोटोप्रत आणायची.

घरी आल्यावर मंडळीत अहवाल द्याल तेव्हा मुलांची नावं आणि गावं वगळा. महिन्याभरात समितीला फोन करा आणि एकच विचारा: गटप्रमुख अजून भेटतात का? ते भेटत असतील तर त्यांना शास्त्राभ्यासाचं साहित्य मिळवून द्या. भेटत नसतील तर पाळकांशी बोला, पैसे पाठवून तो प्रश्न सुटत नाही.

दुसऱ्या वर्षी बोलावणं आलं तर दोनच माणसं जा. प्रशिक्षण यंदाच्या प्रमुखांनी चालवायचं, आपण मागच्या ओळीत बसून टिपणं काढायची आणि रात्री विचारलं तरच सांगायचं. त्या वर्षीचा सगळा खर्च तिथेच उभा राहिला, तर तिसऱ्या वर्षी त्यांच्यातल्या दोघा प्रमुखांना आपल्याकडच्या युवक शिबिराला बोलवा आणि एक सत्र त्यांना घेऊ द्या.